मिशनमायचं नाक

प्रिय मुग्धा आणि निनाद,

मुग्धाचं पत्र परवा तुमच्या काकांनी संगणकावरून छापून आणून दिलं. तुमच्या विलायतेतल्या जुन्या सामानाच्या बाजारात तिला शिवणाचं एक जुनं मशीन मिळालं आहे. चाक अडकलेलं होतं म्हणून तिने त्यात स्वयंपाकघरातलं ऑलिव्हचं तेल घातलं आणि शेवटी विचारलं आहे, "आजी, चालेल ना?" मुग्धा, चालणार नाही. का नाही, हे मी दोन ओळींत लिहू शकले असते. पण ज्या बाईकडून मी हे शिकले, तिच्याबद्दल मी आजवर कुठेच काही लिहिलेलं नाही, आणि तिला काम करताना पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मला ब्याऐंशी पूर्ण झाली. म्हणून सगळंच लिहिते. निनाद, तुला शिवणाशी काही कर्तव्य नसलं तरी तूही वाच.

मिशनमाय मशीनचा वास घ्यायची. आमच्या वालूरकडे मशीनला 'मिशन' म्हणत आणि वयाने मोठ्या बाईला 'माय', म्हणून ती मिशनमाय. बंद पडलेलं मशीन समोर ठेवलं की ती आधी चाकाला हात लावत नसे. उकिडवी बसायची, तळवा मशीनच्या पाठीवरून फिरवायची, मग वाकून तेल घालायच्या बारीक भोकाशी नाक न्यायची आणि डोळे मिटायची. तेवढा वेळ कुणी बोललेलं तिला चालत नसे. मग निकाल सांगायची. "करडी हाय. दोन वर्साची जुनी. वर यकदा जवसबी घातलंय कुनीतरी." घरातली माणसं एकमेकांकडे बघायची, कारण जवसाचं तेल कुणी आणि कधी घातलं ते त्यांना आठवायचं. तेल कोणत्या घरचं हेसुद्धा ती वासावरून सांगते, असं गावात म्हणत. ती अतिशयोक्ती असावी, पण दोनदा तिने सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आणि दोन्ही वेळा ते खरं निघालं.

ही विद्या तिला मेंढरांनी दिली होती. ती धनगराची. नवराबायको मेंढरं घेऊन सेलूपासून गंगाखेडपर्यंत फिरायची. एका पावसाळ्यात रोग आला आणि कळप गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात नवराही गेला. "मेंढरू आजारी पडलं की आदी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा," ती मला म्हणाली होती. "काय खाल्लंय त्ये कळतंय. मिशनीचंबी तसंच. तिनं काय खाल्लंय त्ये कळल्याबिगर दवा काय देनार?" उंच, काळीसावळी, कपाळावर ठसठशीत गोंदण, आणि उन्हाळा असो की हिवाळा, खांद्यावर काळी घोंगडी. कळप गेल्यावर ती सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला लागली. तिथल्या मिस्त्रीजवळ पाण्यासारख्या पातळ तेलाच्या बाटल्या असत. घरोघर दिव्याला, भाजीला, बैलगाडीच्या आसाला करडीचं तेल, आणि हा माणूस करडीला शिवतही नाही, हे तिने पाहिलं आणि विचारलं. तो म्हणाला, करडी वाळली की तिचा डिंक होतो. बाकीच्या बायांनीही ते ऐकलं असणार. मिशनमायच्या मात्र ते डोक्यात राहिलं.

पुढे एका शिंप्याच्या शेतात तिने खुरपणी केली, तेव्हा त्याच्या गोठ्यात शेणाने माखलेलं एक मशीन पडलेलं होतं. मजुरीऐवजी तिने ते मागितलं. शिंपी हसला आणि म्हणाला, "ने, चुलीपुढं पाट म्हणून ठेव." वीस दिवसांनी ते मशीन टकटक करत चालू लागलं. त्यानंतरचा तिचा व्यवहार सोपा होता. एक जितं मशीन द्यायचं आणि बदल्यात दोन मेलेली घ्यायची. मेलेली मशीनं तेव्हा भरपूर होती. दुसरी लढाई चालू होती, विलायतेहून नवं मशीन येणं बंद झालं होतं, आणि जुनी जिथे तिथे अडकून पडली होती. ती का अडकत होती हे मात्र कुणालाच कळत नव्हतं.

माझं मशीनही असंच अडकलं. मी हैदराबादला मॅट्रिक झाले, इंग्रजी चांगलं होतं, आणि अठराव्या वर्षी वालूरच्या या शेतीवाडीच्या घरात सून म्हणून आले. माझ्या आईने लग्नात मला हाताने फिरवायचं मशीन दिलं होतं. काळंभोर, वर सोनेरी वेलबुट्टी आणि झाकायला घुमटासारखं लाकडी झाकण. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्या मशीनला लक्ष्मी मानत. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पूजेला मांडली जात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, आणि आता मशीनही. आमच्या घरची रीत अशी की लोखंडाला हळदकुंकू वाहायचं आणि करडीच्या तेलाची धार सोडायची. आत्याबाईंनी माझ्या लक्ष्मीला सगळ्यांत मोठी धार सोडली. दोन दसरे झाले आणि त्यानंतरच्या संक्रांतीला चाक जागचं हलेना.

तुमच्या आजोबांनी परभणीहून दर बाजारी येणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने चाक एकदा ढकलून पाहिलं आणि मान हलवली. "आतलं पोलाद मेलंय साहेब. ठेवून काय करता? मी नेतो भंगारात." मी नको म्हटलं. आईने दिलेली वस्तू होती. ते मशीन झाकण घालून कोपऱ्यात तसंच राहिलं, आणि पंधरा दिवसांनी मागच्या दाराशी हाक आली, "मेलेली मिशन हाय का माय, मेलेली?"

तिने वास घेतला, डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. "करडी. आन हळद. ही देवघरातनं आजारी पडलीया."

"हळू बोला," मी म्हणाले. आत्याबाई ओसरीवरच होत्या.

"काय झालंय गं तिला?" आत्याबाईंनी तिथूनच विचारलं.

"धूळ गेलीया बाईसाब, धूळ," मिशनमाय मोठ्याने म्हणाली, आणि मला हळूच, "धाकल्या बाई, तुमच्या घरात मी कशाला भांडान लावू?"

औषध म्हणजे रॉकेल. लढाईच्या दिवसांत तेही मोजकंच मिळे. तुमच्या आजोबांनी कंदिलातलं रॉकेल काढून दिलं आणि आठ दिवस आम्ही करडीच्या दिव्याखाली वाचलं. मिशनमाय रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या मशीनला गुंडाळायची, मशीन उन्हात ठेवायची, दुपारी सोडायची आणि चाकाला अगदी केसभर हलवून पाहायची. हललं नाही की पुन्हा चिंध्या. मी एकदा घाईने दोन्ही हातांनी चाक ओढायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. "कोकरू अडलं तर वडून काडीत न्हाईत. वाट मोकळी करायची, मंग त्ये आपल्या पायानं येतंय." मुग्धा, हे तुझ्यासाठी लिहिते आहे. तूही ओढू नकोस.

चौथ्या दिवशी भोकांतून तपकिरी, चिकट मध गळावा तसं काही गळू लागलं. सहाव्या दिवशी चाक पाव वळसा फिरलं आणि आठव्या दिवशी पूर्ण. मग तिने कनवटीची छोटी बाटली काढली, त्यात जिनिंगच्या मिस्त्रीचं ते पातळ तेल होतं, आणि प्रत्येक भोकात एकच थेंब सोडला. रिळाखालची बनातीची, जाड लोकरी कापडाची चकती कुजली होती, ती काढून आपल्या घोंगडीचा रुपयाएवढा तुकडा कापून घातला. दोऱ्याचा ताण बघताना तिने सूत कातणाऱ्या बाईसारखा दोरा दोन बोटांत धरला आणि पुन्हा डोळे मिटले. मी एक झबलं शिवून पाहिलं. टीप सरळ आली, पहिल्यापेक्षाही सरळ.

मशीनच्या खणात एक इंग्रजी पुस्तिका होती, ती मी कधी उघडलीच नव्हती. त्या दिवशी उघडली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की झाडाचं किंवा जनावराचं तेल कधीही वापरू नये, ते आत गोठतं. मी मिशनमायला अर्थ सांगितला. तिने पुस्तिका हातात घेतली, उलटी सुलटी पाहिली, आणि वास घेतला. "म्हंजी तुमचं इंग्रजी आन माजं नाक यकच सांगायलंय," ती म्हणाली. "फकस्त माजं नाक खणात पडून नव्हतं."

तिला वालूरच्या बाजारात जागा हवी होती. तोवर ती पोखर्णीपासून राणीसावरगावपर्यंत गावोगाव हिंडायची, डोक्यावर मशीन घेऊन. पन्नाशी उलटली होती, गुडघे बोलू लागले होते. शिवाय बाजारात बसणाऱ्याला नाव असतं आणि दारोदार फिरणारीला नसतं. तिचं मशीन घेतलेला माणूससुद्धा ते बाईने दुरुस्त केलं आहे हे लपवायचा. लिंबाखाली शिंप्यांची रांग बसे आणि त्या रांगेचे प्रमुख होते उस्ताद. पांढरी दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, साऱ्या तालुक्यातल्या शेरवान्या त्यांच्या हातच्या. मिशनमायने त्यांच्याकडे एका पोत्याएवढी जागा मागितली. तेव्हा परभणीचा मिस्त्री तिथेच बसला होता.

"बाईच्या हातची मशीन," तो म्हणाला, "चालते, पण नव्या नवरीसारखी. चार दिवस."

"मंग तुमच्या हातच्या मिशनी कुठंशी हायत, मिस्त्री?" मिशनमाय म्हणाली. "मी तर तुमाला नुस्त्या मेलेल्याच नेताना बगितलंय."

शिंपी हसले. उस्ताद हसले नाहीत. "माय, तुम बोलते सो ठीक है," ते म्हणाले, "पर बाजार में बाताँ नै चलते, काम चलता. इनों मुर्दा बोले सो तीन मशीनां लाव. दसरे के पैले का बाजार है, काम बहोत है. मेरे दर्जी चलाएंगे, तुम हात नै लगाना. सूरज निकले सो से डूबे तक. तीनों चले तो जगा तुमारी."

"आणि एक जरी अडली," मिस्त्री म्हणाला, "तर पुन्हा मशीनला हात लावायचा नाही. तिन्ही माझ्या."

"कबूल," मिशनमाय म्हणाली.

हरली असती तर ती पुन्हा जिनिंगमध्ये कापूस ओढायला गेली असती, हे सगळ्यांना कळत होतं. तीन मशीनांपैकी दोन तिची होती आणि तिसरं माझं, कारण तेही मिस्त्रीनेच मेलेलं ठरवलं होतं. आत्याबाईंनी मशीन न्यायला परवानगी दिली, वर म्हणाल्या, "आपल्या घरची लक्ष्मी चारचौघांत बसायला चालली, तर तिची पूजा मी बाजारात जाऊन करीन." मी काहीच बोलले नाही. मला बोलायला हवं होतं. पुस्तिका मी वाचली होती. पण नव्या सुनेने सासूला, तुमच्या पूजेने मशीन मेलं, असं सांगायचं तरी कसं? हे माझं चुकलं, आणि त्याची किंमत दुसरीच बाई मोजणार होती.

सूर्य वर आला तेव्हा लिंबाखाली तिन्ही मशीनं पोत्यांवर मांडलेली होती. समोर उस्तादांचे तीन दर्जी, भोवती अर्धा बाजार. मिशनमाय बाजूला घोंगडीवर बसली होती, हात मांडीवर ठेवून. आत्याबाई पुढे आणि पूजेचं ताट घेऊन मी मागे, अशा आम्ही गेलो. लोकांनी वाट दिली. आत्याबाईंनी तिन्ही मशीनांना कुंकवाचं बोट लावलं, मग हळदीची चिमूट घेतली, आणि तेलाची वाटी उचलून माझ्या मशीनवर वाकवली.

तेल पडलं ते मिशनमायच्या हातावर. ती केव्हा उठली ते मी पाहिलंच नाही. तिने पालथा पंजा मशीनच्या भोकावर धरला होता आणि तेल तिच्या बोटांवरून पोत्यावर ओघळत होतं.

धनगराच्या विधवेने आमच्या घरच्या बाईचा हात पूजेत अडवला होता, आणि तोही भर बाजारात. आत्याबाईंचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण त्यांची पाठ ताठ झालेली दिसली.

"घाला की बाईसाहेब," मिस्त्री मागून म्हणाला. "शुभ असतं. एवढ्याशा तेलानं काय होतंय?"

मिशनमायने हात काढला नाही. "आज कायबी हुनार न्हाई," ती म्हणाली. "आज मिशन चालंल. संक्रांतीला बंद पडंल, तवा लोक म्हनतील, बाईच्या हातची व्हती." मग तिने मान वळवली. "मिस्त्री, तुमच्या पिशवीत तेलाची कुपी आसंल न्हवं? ती उस्तादाला द्या."

"माझ्या कुपीचं काय मध्येच?"

"द्या तर. शुभ आसतंय."

हशा झाला, पण उस्तादांनी हात पुढे केलेला होता. मिस्त्रीला कुपी काढावी लागली. उस्तादांनी बूच उघडलं, वास घेतला, दोन बोटांत एक थेंब चोळला. मग वाकून आत्याबाईंच्या वाटीतला थेंब दुसऱ्या हाताच्या बोटांत चोळला.

"ये करडी नै," ते मिस्त्रीला म्हणाले. "बीस बरस हो गए, हम सब करडी डालरे. तुम देखरे. कबी बोले नै?"

मिस्त्री म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही."

"आन मंग मेलेल्या मिशनी भंगारात घेऊन जायचा," मिशनमाय म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवायची गरज नव्हती, रांगेतले सगळे शिंपी आपापल्या मशीनकडे बघत होते.

उरल्या होत्या आत्याबाई. त्या वाटी धरून तशाच उभ्या होत्या. "म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "सूनबाईचं मशीन मीच बंद पाडलं होतं?"

आता मिशनमाय काय म्हणते याकडे सगळ्यांचे कान लागले. माझ्या मशीनचं ते लाकडी झाकण दोन्ही हातांनी उचलून तिने आत्याबाईंसमोर ठेवलं. "बाईसाब, नवरीला हळद यकदाच लागती. मंग ती कामाला लागती. कामाच्या बाईच्या डोईवर कुनी रोज तेल वततंय का? ती चूल कवा पेटवनार? ह्ये झाकण म्हंजी तिचं माहेर. दिसभर राबून ती हितंच येऊन निजती. ओटी भरायची तर माहेराची भरा. तिला पोचतंय."

आत्याबाई वाकल्या. झाकणाला हळदकुंकू वाहिलं, वाटीतलं उरलंसुरलं तेल त्यावरून सोडलं, आणि लाकूड असं चकाकलं की लोक बघत राहिले. नारळ बाजूच्या दगडावर फुटला. "चलाओ," उस्ताद म्हणाले.

त्या दिवशी मी घरी आले तरी माडीच्या खिडकीतून हलले नाही. तिन्ही मशीनांचा आवाज तिथवर येत होता. लहान मुलांचे सदरे, बंड्या, चोळ्या, एका वाण्याचं तर पोतं शिवायचं आलं, तेही शिवून झालं. दर्जी बदलत होते, मशीनं थांबत नव्हती. भर दुपारी एका मशीनचा आवाज बंद पडला. नंतर कळलं, रीळ उडत होतं आणि दोरा तुटत होता. मिशनमायला हात लावायचा नव्हता, म्हणून तिने बसल्या जागेवरून घोंगडीचा कोपरा कातरला आणि दर्ज्याकडे फेकला. "रिळाखाली घाल बाबा. आन मला दुसरी घोंगडी शिवून दे संध्याकाळी." पुन्हा टकटक सुरू झाली.

सूर्य बुडताना उस्तादांनी स्वतः उठून तिन्ही चाकांवर एकेक करून तळवा ठेवला. "बस," ते म्हणाले. मग त्यांनी आपलं पोतं उचललं आणि दोन पोत्यांच्या अंतरावर डावीकडे सरकवलं. शेजारच्या शिंप्याने आपलं सरकवलं. त्याच्या शेजारच्याने त्याचं. बघता बघता सगळी रांग सरकली आणि उस्तादांच्या उजव्या बाजूला, लिंबाच्या बुंध्याशी, जागा मोकळी झाली. तिने मागितली होती त्याच्या दुप्पट. "बैठो माय," ते म्हणाले. ती बसली. आजोबा तिथे होते, त्यांनी सांगितलं की ती बसली आणि आधी तिने जमिनीवरचा करडीचा डाग मातीने झाकला.

रात्री पानं वाढताना आत्याबाईंनी मला विचारलं, "सूनबाई, त्या इंग्रजी पुस्तकात हे होतं ना?"

"हो, आत्याबाई."

"मग बोलली का नाहीस? मी काय खाल्लं असतं तुला?" भात वाढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या ते पुस्तक मला वाचून दाखव. सगळं. आणखी काय काय मोडलंय मी ते तरी कळू दे." आमचं सासूसुनेचं खरं बोलणं तिथपासून सुरू झालं.

मिशनमाय त्या जागेवर बसली ती पुढे कितीतरी वर्षं. मशीन देताना ती गिऱ्हाइकाला चाकावर हात ठेवायला लावायची आणि तिचं वाक्य म्हणायला लावायची: "चुलीचं तेल चुलीला, दिव्याचं दिव्याला, मिशनीचं मिशनीला." मोठमोठे मिशाळ पाटीलसुद्धा निमूट म्हणत. पुढच्या वर्षी त्याच मिस्त्रीने एका माणसाच्या हाती एक अडलेलं मशीन तिच्याकडे पाठवलं. तिने ते सुरू करून परत पाठवलं आणि सोबत निरोप, "कुपी लोकांनाबी दावत जा म्हनावं." दोन मुली तिच्या हाताखाली तयार झाल्या. एक तिच्या भावाची, दुसरी उस्तादांची नात. नाक दोघींचंही तयार झालं, पण तिच्यासारखं नाही, असं मिशनमाय स्वतःच सांगायची.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष वाईट गेलं. आम्ही काही महिने निजामाच्या हद्दीबाहेर वाशीमकडे पाहुण्यांकडे जाऊन राहिलो. जाताना मशीन तिच्याकडे ठेवलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर परत आलो तर तिने धान्याच्या रिकाम्या पेवातून आमचं आणि आणखी पाच घरांचं मशीन वर काढलं, घोंगड्यांत गुंडाळलेलं. त्यांतलं एकही अडलेलं नव्हतं. ती दर महिन्याला पेवात उतरून सगळ्यांना थेंब थेंब देऊन, चाक फिरवून वर येत होती. "मेंढरं न्हाई वाचवता आली," ती म्हणाली. "ही वाचली."

पुढे आजोबांच्या कामासाठी आम्ही परभणीला बिऱ्हाड केलं. निघायच्या दिवशी सामान गाडीत भरलं तेव्हा ती आली. मला वाटलं, काही बोलेल. तिने झाकण उचललं, वाकून भोकाशी नाक नेलं, डोळे मिटले. "ठीक हाय," ती म्हणाली आणि झाकण ठेवून बाजाराकडे चालू लागली. त्यानंतर मी तिला तीनदा भेटले, दर वेळी तिच्या जागेवरच. ती गेल्याचं मला उस्तादांच्या नातीने पत्राने कळवलं. त्या दिवशी रांगेतलं एकही मशीन चाललं नाही, असं तिने लिहिलं होतं.

मुग्धा, ऑलिव्हचं तेल आधी रॉकेलने पूर्ण धुऊन काढ. तिकडे ते पॅराफिन नावाने मिळेल. उन्हाची मात्र तुमच्याकडे वानवा आहे, म्हणून मशीन खिडकीशी ठेव आणि घाई करू नकोस.

वालूरमध्ये अजून पुष्कळ घरांत हाताची जुनी मशीनं आहेत. खंडेनवमीला तिथे मशीनच्या झाकणाची पूजा होते, मशीनची होत नाही. मागच्या वर्षी मी स्वतः जाऊन पाहिलं. असं का करतात ते नव्या सुनांना ठाऊक नाही, आमच्याकडे रीत आहे एवढंच त्या सांगतात. मशीनं चालू आहेत.

तुमची,
आजी